सेक्टरांच्या आधीची गावं

आर. के. पुरमला माझी बदली झाली, तेव्हा मला फक्त सेक्टरांचे आकडे ठाऊक होते. फौजी माणूस, नकाशा वाचणारा. तरी मुनिरका म्हणजे मला बसस्टॉपच वाटायचा!

मुनिरका आणि मोहम्मदपूर ही टोकस जाटांची जुनी गावं. इंग्रजी अमलात महसूलवाल्यांनी गावठाणाभोवती नकाशावर लाल रेघ मारली, तो ‘लाल दोरा’. पुढे सरकारने दोऱ्याबाहेरची शेतं घेतली, त्यांवर कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स उठली. आतलं गावठाण राहिलं. नांगर सुटला, घरं मजल्यांनी वाढली, भाडेकरू आले. सेक्टर 5 मधला लोदीकाळचा वझीरपूर घुमट मात्र तसाच उभा आहे. वझीरपूर गाव कुठे गेलं, हे शेजारी क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना मी विचारलं. ती हसली.

इंग्लंडात बाजारगावाचा इतिहास भोवतीच्या पॅरिशांसकट लिहितात. तिथे बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम 1538 चा. इथे पटवाऱ्याचे कागद पिकांचं आणि साऱ्याचं सांगतात. विहिरीवर पहिलं पाणी कोणाचं, हे चौपालीवर हुक्का ओढणारे म्हातारेच सांगतात. सध्या रविवारी मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसतो. गेल्या हिवाळ्यात त्यांतली एक खाट रिकामी झाली.