टाकून दिलेले काळीज

बकऱ्याचे काळीज घेताना गिऱ्हाईक त्याचा रंग पाहते, तुकतुकी पाहते. त्यावर पाण्याने भरलेली पांढुरकी गाठ दिसली, की खाटीक तेवढा भाग कापून बाहेर फेकतो आणि दाराशी ताटकळत बसलेले कुत्रे तो मटकावते. आपण वाचलो, असे गिऱ्हाइकाला वाटते. वस्तुतः धोका तेथूनच सुरू होतो.

ही गाठ म्हणजे एकायनोकॉकस नामक फीतकृमीचे बाल्यरूप. ते चुकून माणसाच्या पोटात गेले, तरी तेथे त्याचा कृमी होत नाही. कुत्र्याच्या आतड्यात मात्र होतो. गाठी कुत्र्यांना चारून हे प्रथम सिद्ध केले, ते जर्मन प्राणिशास्त्रज्ञ फॉन सीबोल्ट यांनी, 1852 च्या सुमारास. पूर्ण वाढलेला कृमी अवघ्या काही मिलिमीटरांचा. पण त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, भाजीवर आणि त्याच्या केसांवर पसरतात. कुत्र्याला कुरवाळून तसेच जेवायला बसणाऱ्या मुलाच्या पोटात ती गेली, की बहुधा यकृतात, कधी कधी फुप्फुसात, तशीच गाठ धरते. ती वर्षानुवर्षे मुकाट वाढते. फुटली तर प्राणावर बेतते.

आइसलँडात मेंढ्या घरोघर मारल्या जात आणि कुत्रीही घरोघर असत. डॅनिश पशुवैद्य हाराल्ड क्राबे 1863 मध्ये तेथे गेले. कुत्री चिरून त्यांनी या कृमीचा शोध घेतला. पुढे लोकांसाठी त्यांनी एक सोपी पुस्तिका लिहिली. दीर्घ हिवाळ्यात वाचन करणाऱ्या त्या समाजाने ती मनावर घेतली. विसाव्या शतकात तो रोग त्या बेटावरून नाहीसा झाला. औषधाआधी तेथे माहिती पोहोचली, हे विशेष.

यकृतातला पानासारखा चपटा कृमी निराळा. तो जनावराला पाणथळीच्या गवतातून, गोगलगायीच्या मध्यस्थीने जडतो. पित्तनलिका त्याने कडक होतात. असे काळीज टाकावे हेच बरे. परंतु शिजवलेल्या काळजातून तो माणसाला होत नाही, कच्च्या पाणवनस्पतींतून होतो.

कत्तलखान्यात पशुवैद्य यकृत चिरून पाहतो. जत्रेच्या वा घरच्या बकऱ्याला असा तपासनीस कोठून मिळणार? तेथे गाठीचे काळीज जाळावे, अथवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतके खोल पुरून वर दगड ठेवावेत. तेही जमत नसेल, तर निदान पाऊण तास खळखळ उकळावे आणि मगच बाहेर टाकावे.