यंत्र नाव विचारते तेव्हा



महाराष्ट्राबाहेर जिथे चार मराठी कुटुंबे स्थिरावतात, तिथे बहुधा दोन गोष्टी आधी उभ्या राहतात : एक गणेशोत्सव आणि दुसरे वाचनालय. आमच्या गावच्या मंडळाचेही असे एक लहानसे वाचनालय आहे. दोन खोल्या, पंधरा-वीस कपाटे आणि खिडकीपाशी एक जुना संगणक. त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली आहे. कारण ती विनामूल्य मिळते आणि जुन्या यंत्रावरही निमूटपणे चालते. आमच्या ग्रंथपालबाईंनी तीन वर्षे खपून साऱ्या पुस्तकांची सूची या संगणकावर तयार केली. शिवाय मंडळाच्या वृद्ध सभासदांपाशी बसून त्यांच्या आठवणी त्यांनी मराठीत टिपून ठेवल्या. त्यांपैकी काही सभासद आज हयात नाहीत.

गेल्या पावसाळ्यात एके सकाळी बाईंनी संगणक सुरू केला, तो नेहमीचे रंगीत चित्र उमटलेच नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ होती : यंत्राचे नाव, त्यापुढे ‘लॉगिन’ हा शब्द, आणि लुकलुकणारी एक बारीक रेघ. दोनदा बंद करून पुन्हा सुरू केला. दोन्ही वेळा तेच. तेव्हा त्यांनी एका माहीतगार गृहस्थांना दूरध्वनी केला. त्यांनी यंत्र न पाहताच निदान केले, “सगळे पुसून नव्याने भरावे लागेल.” बाईंनी विचारले, “आणि आतल्या मजकुराचे काय?” उत्तर आले, “त्याची प्रत काढून ठेवली असेलच की!” प्रत काढलेली नव्हती. संध्याकाळी मी वर्तमानपत्र वाचायला गेलो, तेव्हा बाई म्हणाल्या, “नाना, हे यंत्र गेले हो!”

मी ती ओळ पाहिली आणि म्हणालो, “बाई, गेलेले यंत्र कधी नाव विचारते का?”

आज मला जे सांगावयाचे आहे, ते एवढेच आहे. लिनक्सचा संगणक काळ्या पडद्यावर नाव विचारीत थांबला, तर तो मेला असे समजू नये. त्याचा बहुतेक भाग जागा असतो. केवळ दर्शनी भाग उठलेला नसतो. अशा वेळी सर्व पुसून टाकणे म्हणजे दिवाणखान्याची खिडकी उघडेना म्हणून वाडा पाडण्यासारखे आहे.

संगणक सुरू होतो तो एकदम नव्हे, पायरीपायरीने. प्रथम यंत्रातला मूळचा कार्यक्रम जागा होतो. मग ‘ग्रब’ नावाचा छोटा कार्यक्रम प्रणालीचा गाभा स्मृतीत आणून बसवतो. या गाभ्यास ‘कर्नल’ म्हणतात. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली लिहून जगाला दिला तो हा गाभाच. गाभा जागा झाला की तो तबकडी शोधतो, तिच्यावरील कप्पे उघडतो, आणि मग ‘सिस्टिमडी’ नावाच्या कारभाऱ्याच्या हाती पुढचा कारभार सोपवतो. कारभारी एकेक सेवा सुरू करतो. त्यांतील एक सेवा म्हणजे नाव विचारणारी ओळ; आणि अगदी शेवटची एक म्हणजे रंगीत चित्र उभे करणारा, ‘डिस्प्ले मॅनेजर’ म्हणून ओळखला जाणारा कार्यक्रम. नाव विचारणारी ओळ दिसली, याचा अर्थ गाभा, तबकडी आणि कारभारी हे तिघेही आपापल्या जागी आहेत. बिघाड असलाच तर तो शेवटच्या पायरीवर आहे.

इथे एक सावधगिरीची सूचना देतो. प्रत्येक काळा पडदा हा नाव विचारणारा नसतो. पडद्यावर ‘ग्रब’ किंवा ‘इनिट-रॅम-एफएस’ असे शब्द दिसले, अथवा ‘इमर्जन्सी मोड’ असे लिहून आले, तर दुखणे खालच्या पायरीवरचे, बहुधा तबकडीचे वा तिच्या नोंदीचे असते. त्याची चिकित्सा वेगळी आहे. म्हणून प्रथम शब्द नीट वाचावेत. भीतीने माणूस पडद्याकडे पाहतो, पण वाचीत नाही.

त्या ओळीशी माझा जुना ऋणानुबंध आहे. मी तारखात्यात नोकरी केली. टेलिप्रिंटरांच्या खडखडाटात माझे तारुण्य गेले. 1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही प्रणाली घडवावयास घेतली, तेव्हा संगणकाशी बोलण्याचे साधन असाच एक टेलिप्रिंटर होता. इंग्रजीत त्याला टेलिटाइप म्हणत. माणसाने एक ओळ छापावी, यंत्राने उत्तराची ओळ छापावी, असा तो संवाद चाले. लिनक्सने युनिक्सचीच रीत उचलली, आणि म्हणून आजही त्या काळ्या पडद्याच्या माथ्यावर ‘टीटीवाय’ ही अक्षरे दिसतात. ती टेलिटाइपचीच खूण आहे. आपल्या देशातील तारसेवा 2013 च्या जुलैत बंद झाली. पण तिच्या एका भावंडाचे नाव असे संगणकाच्या पोटात टिकून राहिले आहे.

आता त्या सायंकाळकडे वळू. मी बाईंना त्यांचे नाव टंकावयास सांगितले. ते उमटले. मग यंत्राने परवलीचा शब्द मागितला. बाईंनी तो टंकला आणि त्या थबकल्या; कारण पडद्यावर काहीच उमटेना, साधे ठिपकेही नाहीत. पुष्कळ जण इथेच निराश होतात आणि कळफलकही बिघडला असे धरून चालतात. वास्तविक हा शब्द कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून तो मुद्दामच दाखवला जात नाही. अक्षरे निर्धास्तपणे टंकावीत आणि एंटर दाबावे. मात्र मोठ्या अक्षरांची कळ दबलेली नाही ना, तेवढे पाहावे. बाईंनी एंटर दाबले, आणि यंत्राने त्यांना आत घेतले.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मजकूर सुरक्षित करावा, हा माझा नियम आहे. ‘एलएस’ ही दोन अक्षरे टंकली की कप्प्यातील फायलींची यादी येते. यादी आली, परंतु तिच्यात एकही नाव वाचता येईना. जिथे सभासदांची नावे असावयाची, तिथे चौकोनी ठिपक्यांच्या रांगा होत्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्या म्हणाल्या, “सगळ्या आठवणी पुसल्या गेल्या.”

मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. काळ्या पडद्याच्या अक्षरपेटीत फार तर 512 आकृत्या मावतात, आणि काना, मात्रा, वेलांटी व जोडाक्षरे जुळवण्याची विद्या तिला अवगत नाही. म्हणून देवनागरी नाव तिच्यापुढे आले की ती चौकोन काढून मोकळी होते. मजकूर जसाच्या तसा असतो. दाखवणारा निरक्षर असतो, इतकेच.

पण नुसत्या शब्दाने समाधान होत नाही. मी एक पेन ड्राइव्ह लावला. चित्रमय पडद्यावर तो आपोआप उघडतो. इथे तो हाताने जोडावा लागतो. ‘एलएस-बीएलके’ ही आज्ञा दिल्यावर जोडलेल्या तबकड्यांची यादी आली. आकारावरून आमचा ड्राइव्ह ओळखला, ‘माउंट’ या आज्ञेने तो जोडला, ‘सीपी’ या आज्ञेने सारा कप्पा त्यावर उतरवला, आणि ‘यूमाउंट’ म्हणून रीतसर सोडवूनच बाहेर काढला. तो शेजारच्या एका विद्यार्थ्याच्या संगणकास लावला, तेव्हा सारी नावे स्वच्छ देवनागरीत उभी राहिली. बाईंनी त्यांतली एक फाइल उघडली. दोन वर्षांपूर्वी निवर्तलेल्या एका आजींची ती आठवण होती. बाईंनी पहिला परिच्छेद उभ्याउभ्याच वाचून काढला. त्यानंतर यंत्राचे काही झाले असते, तरी आमची झोप उडाली नसती.

मग निदानास बसलो. पहिली आज्ञा ‘डीएफ’, त्यापुढे जागा सोडून उणे-चिन्ह व ‘एच’ हे अक्षर. तबकडी किती भरली आहे, हे तिने कळते. मुख्य कप्प्यापुढे आकडा होता शंभर टक्के. रोग सापडला. तबकडीवर तसूभर जागा नसेल, तर चित्र उभारणाऱ्या कार्यक्रमाला आपल्या कामाच्या लहानसहान नोंदीही लिहिता येत नाहीत, आणि तो मागे फिरतो. मग नाव विचारणारी ओळ कशी चालते? तर ‘ईएक्सटी-फोर’ या प्रचलित मांडणीत तबकडीचा साधारण पाच टक्के भाग मूळ व्यवस्थापकासाठी राखून ठेवलेला असतो. घर खच्चून भरले, तरी देवडीवरच्या पहारेकऱ्याला उभे राहावयास जागा उरते ती यामुळे.

जागा कोणी खाल्ली, हे ‘डीयू’ या आज्ञेने कळते. ‘व्हार’ या कप्प्यातील ‘लॉग’ या उपकप्प्यात यंत्राची रोजनिशी असते. तिच्यातली ‘सिसलॉग’ नावाची एकच वही फुगून तबकडीस व्यापून बसली होती. तिची शेवटची पाने ‘टेल’ या आज्ञेने वाचली. बिनतारी जाळ्याच्या पत्र्याविषयी एकच ओळ लक्षावधी वेळा लिहिलेली होती, आणि तिचा आशय काय, तर “चूक झाली, पण ती दुरुस्त केली.” दुरुस्त झालेल्या चुकीची तक्रार लिहीत लिहीत त्या यंत्राने स्वतःचे घर भरून टाकले होते! असा स्वभाव आपण माणसांतही पाहतो.

ती वही मी पुसून टाकली नाही, रिकामी केली. लिहिणारा कार्यक्रम ती उघडून बसला असता फाइल नुसती पुसली, तर तो ती सोडीपर्यंत जागा मोकळी होत नाही. म्हणून ‘ट्रंकेट’ या आज्ञेने तिची लांबी शून्यावर आणली. मग यंत्र बंद करून, वीज तोडून, तो सैल झालेला पत्रा काढला, पुसला आणि खाचेत नीट बसवला. पुन्हा सुरू करताच रंगीत चित्र उमटले. सारे मिळून दोन तास लागले, आणि त्यांतला अधिक वेळ प्रत काढण्यात गेला.

अर्थात प्रत्येक वेळी कारण हेच असेल असे नाही. तबकडीवर जागा असूनही चित्र येत नसेल, तर ‘सिस्टिमसीटीएल गेट-डिफॉल्ट’ असे विचारावे. उत्तर ‘मल्टी-युजर’ आले, तर केवळ अक्षरांवर थांबण्याचीच आज्ञा यंत्रास आहे, असा त्याचा अर्थ. ‘सेट-डिफॉल्ट ग्राफिकल डॉट टार्गेट’ एवढे सांगितले की पुढच्या वेळेपासून ते चित्रापर्यंत जाऊ लागते. उत्तर ‘ग्राफिकल’ आले, तर ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर’ असे विचारून तो कार्यक्रम कुठे अडला ते पाहावे. गाभ्याची नवी आवृत्ती येते आणि ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर तिच्याशी जुळत नाही, असेही घडते. अशा वेळी सुरू होताना ग्रबच्या यादीतून जुना गाभा निवडावा. बहुधा काम भागते. प्रणालीचे नूतनीकरण चालू असता वीज गेली असेल, तर डेबियन व उबंटू या कुळांत ‘डीपीकेजी’ला अर्धवट राहिलेले काम पुरे करण्यास सांगता येते. आणि सर्व्हरसाठी केलेली आवृत्ती बसवली असेल, तर तिच्यात चित्र मुळातच नसते. तिथे काहीच बिघडलेले नसते. आपली अपेक्षा तेवढी चुकलेली असते.

हे करताना दोन पथ्ये पाळावीत. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा, म्हणजे परतीची वाट बुजत नाही. दुसरे, जी आज्ञा आपल्याला कळली नाही, ती कुणी सांगितली म्हणून ‘सुडो’ हा शब्द पुढे जोडून टंकू नये. ‘सुडो’ म्हणजे साऱ्या वाड्याच्या किल्ल्या. त्या हाती असता केलेली चूक यंत्र मुकाट्याने अमलात आणते.

आमच्या वाचनालयात आता दर शनिवारी प्रत काढली जाते. संगणकाशेजारी बाईंनी एक साधी वही ठेवली आहे, आणि तिच्या पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे : “पडदा काळा दिसला तर घाबरू नये. काय लिहिले आहे ते आधी वाचावे.” गेल्या महिन्यात पुन्हा एकदा ती काळी ओळ आली. बाईंनी मला बोलावले नाही. दुसऱ्या दिवशी वहीत तारीख होती, दिलेल्या तीन आज्ञा होत्या, आणि खाली दोनच शब्द होते : “नाना, जमले.”