पुण्यतर

सायवनच्या वाटेने जाणाऱ्या प्रवाशास समुद्र कोठेही दृष्टीस पडत नाही; सागाचे रान, भाताची खाचरे, टेकाडांवर विखुरलेले वारल्यांचे पाडे आणि पावसाळा लागताच एका रात्रीत तांबूस पाण्याने भरून येणारे ओढे, एवढाच संसार तेथे दिसतो. परंतु डहाणू-तलासरीच्या या डोंगरांवर पडलेल्या पाण्याचा माग काढीत जो पश्चिमेकडे उतरेल, त्यास या मुलुखाचे आप्तसंबंध प्राचीन जगातील नामांकित बंदरांशी जडलेले आढळतील. सूर्या नदी वैतरणेस मिळते, आणि वैतरणेच्या मुखाच्या दक्षिणेस शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारा. उत्तरेस वारोलीकाठी संजाण. आणि या दोहोंच्या मध्ये डहाणूची खाडी.

आपल्या किनाऱ्यावरील जुनी बंदरे ही मूळची नद्यांची अपत्ये होत. भरतीच्या पाण्याबरोबर गलबत खाडीत शिरावे, ओहोटीत गाळावर निश्चिंत टेकावे, आणि डोंगरातून उतरलेला माल तेथेच चढावा, असा हा व्यवहार होता. इटलीतही असेच घडले. टायबर नदीच्या मुखाशी रोमचे जे बंदर वसले त्याचे नावच ऑस्टिया, आणि लॅटिन भाषेत त्या शब्दाचा अर्थ मुख असाच आहे. मात्र ज्या नदीने बंदर वाढविले तिनेच ते गाळाने बुजविले. क्लॉडियस बादशहाने उत्तरेस नवे बंदर बांधविले, त्रेजनाने त्यास षट्कोनी गोदी जोडली, तरी आज ऑस्टियाचे भग्नावशेष समुद्रापासून सुमारे ३ किलोमीटर आत पडले आहेत. ज्या आद्रिया बंदराने एका समुद्रास आपले नाव दिले, ते तर २० किलोमीटरांहून अधिक आत गेले. सोपाऱ्याची खाडीही अशीच भरत आली, आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकलला व अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आणला, तेव्हा त्या गावाचे पूर्ववैभव पुन्हा लोकांच्या कानी आले.

परंतु आज मला विशेषेकरून सांगावयाचे आहे ते नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्याच्या एका लेखाविषयी. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा हा लेख क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा आहे. त्याने तीन लक्ष गायी दिल्या, सोळा गावे दिली, असे सर्व त्यात आहेच. राजपुरुषांच्या दानांची ही रीत आपल्या परिचयाची आहे. पण पुढे तो नद्यांची नावे घेतो. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर त्याने नावा ठेवून पुण्यतर, म्हणजे उताऱ्याचा पैसा न घेणारी तर, चालू केली. आणि दोन्ही तीरांवर धर्मशाळा व पाणपोया घातल्या. यांतील दाहनुका म्हणजे आपल्या डहाणूची नदी. बंदराच्या उत्पन्नावर डोळा ठेवून जकात बसविणारे अंमलदार सर्व काळी झाले. परंतु मजूर, भिक्षू, बैलवाला आणि डोक्यावर मोळी घेतलेली बाई यांना फुकट पैलतीरी नेणारा हा शक सरदार मला त्या तीन लक्ष गायींच्या दात्याहून फार मोठा वाटतो, जरी ते दोघे एकच आहेत.

ही परंपरा तेथेच खुंटली नाही. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडलेल्या, शके ८४८ म्हणजे इसवी सन ९२६च्या राष्ट्रकूट ताम्रपटात संयान मंडलाचा, म्हणजे संजाण प्रांताचा, सुभेदार मधुमती सुगतिप याचा उल्लेख येतो. हा ताजिक म्हणजे अरब वंशाचा. मधुमती हे मुहम्मद या नावाचेच संस्कृत रूप. त्यानेही दोन प्रवाहांवर विनामूल्य तर ठेविली आणि संजाणला साळीचा भात, कालवण व तूप फुकट वाढणारे अन्नछत्र घातले. आणि याच ताम्रपटाने भगवतीच्या मठिकेस दान दिले गेले. १९६० साली महाराष्ट्र व गुजरात विभक्त होईतो संजाणचा हा भाग डहाणूप्रमाणेच ठाणे जिल्ह्यात होता, तेव्हा हे दप्तर आपल्याच घरचे म्हणावयास हरकत नाही.

आजही ऐन पावसाळ्यात ओढ्यास पूर चढला म्हणजे पलीकडच्या पाड्यावरील मूल शाळेस पोहोचत नाही, आणि दुखणाईत माणसास झोळीत घालून काठापर्यंत आणल्यावर पाणी ओसरेतो भिजत थांबावे लागते. अशा वेळी उषवदाताच्या लेखातील इतर सर्व दाने विसरून मला ते दोन्ही तीरांवरचे निवारेच आठवतात: अलीकडे एक, पलीकडे एक, आणि मध्ये कोणाकडून काहीही न मागणारी नाव.