गायकाची वाट आणि घरची बोली
(सारंगखेडा येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



तापीकाठच्या आपल्या सारंगखेड्यात दत्तजयंतीच्या यात्रेस परप्रांतांतून घोड्यांचे व्यापारी येतात. घोड्याची पारख भाषेवाचून अडत नाही. मग गाण्याचीच का अडावी?

आपल्यातील काही तरुण स्वतः गीते रचून गातात. अहिराणी व मराठी गीतांची एकच ध्वनिमुद्रिका काढावी, असा त्यांचा मानस आहे. परंतु अहिराणी घरात बरी, चारचौघांत नको, असे आम्ही वडीलधारेच म्हणत आलो. ही चूक आमची आहे.

गोव्यातील शिवोलीचे रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली 'गोअन क्रेझी' ही ध्वनिफीत राहत्या घरीच मुद्रित केली. गीते, चाली व गायन त्यांचेच. स्कूटरवरून फिती दुकानोदुकानी पोहोचविल्या त्याही त्यांनीच. इंग्रजीत गाणाऱ्या या कलावंताने कोकणीचा संकोच धरला नाही. २००७ साली त्यांस पद्मश्री लाभली.

आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांची गाणी घरच्यांनी उतरून घेतली, म्हणूनच ती त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ग्रंथरूपाने महाराष्ट्रास मिळाली.

आज मुद्रणाचे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. उणीव आहे ती घरच्या कानांची. म्हणून आमची विनंती एवढीच, की प्रत्येक कुटुंबाने एक संध्याकाळ आपल्या मुलांची गाणी ऐकावी, आणि अडलेला अहिराणी शब्द आजीने सांगावा.