बोटाच्या पेराएवढी पलटण

‘तुमच्या छंदाविषयी बोला,’ असं मला सांगण्यात आलं. कवीनं छंदाविषयी बोलायचं म्हणजे तो लगक्रम आणि मात्रा सांगणार, असं तुम्हाला वाटलं असेल. पण आजचा छंद निराळा आहे. मी स्कॉटलंडचे सैनिक जमवतो आणि रंगवतो. त्यांची उंची अठ्ठावीस मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढी.

शेजारचे एक गृहस्थ मला म्हणाले, ‘सर, या वयात बाहुल्या?’ मी त्यांच्या हातात भिंग दिलं. त्यांनी त्या शिपायाच्या कोटाची बटणं पाहिली, पायमोज्यांवरचे लाल-पांढरे चौकडे पाहिले, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

या बाहुल्या शोकेससाठी नसतात. त्या एका खेळासाठी असतात. टेबलावर डोंगर, नदी, गाव मांडायचं. समोरासमोर दोन फौजा उभ्या करायच्या. कोण किती चालला हे मोजपट्टीनं ठरतं, गोळी लागली की नाही हे फाशांनी ठरतं. इतिहासात घडून गेलेली लढाई पुन्हा लढून पाहायची. प्रशियाच्या लष्करात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याचा असा खेळ १८२४ पासून अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरात आला. पण त्याला घरात आणलं ते लेखकांनी. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा एडिंबरोचा. छातीच्या आजारासाठी तो स्वित्झर्लंडमध्ये दावोसला राहिला होता. तिथे माळ्याच्या जमिनीवर रंगीत खडूंनी नकाशा काढून तो आपल्या सावत्र मुलाबरोबर शिशाच्या शिपायांची युद्धं खेळत असे. एच. जी. वेल्सनं १९१३ साली या खेळाचे नियम सांगणारं ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिलं. खरं युद्ध किती मूर्खपणाचं असतं हे कळायला खोटं युद्ध खेळून पाहावं, असा त्याचा सांगावा होता. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

माझ्याकडे हा छंद आला तो भाच्यामुळे. तो ग्लासगोला शिकायला होता. सुटीत येताना त्यानं एक खोकं आणलं आणि म्हणाला, ‘मामू, तुम्ही शब्द मोजून लिहिता ना, मग हे तुम्हाला जमेल.’ आत प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले हात, डोकी, बंदुका असं सगळं सुटं होतं. पूर्वी हे पुतळे शिसं आणि कथील ओतून करत. अजूनही धातूचे मिळतात, पण प्लॅस्टिकचे स्वस्त पडतात.

आधी सुटे भाग कापून, घासून, चिकटवायचे. मग काळ्या प्राइमरचा एक हात. तो वाळला की चेहरा, मग लाल कोट, मग पांढरे पट्टे. प्रत्येक रंगाच्या तीन छटा : घडीत गडद, वर मूळ रंग, उंचवट्यावर फिकट. सगळ्यात अवघड काम किल्टचं, म्हणजे त्यांच्या त्या चौकड्यांच्या घागऱ्यासारख्या वस्त्राचं. गडद निळ्यावर हिरव्या आडव्या-उभ्या रेघा, त्यावर काळ्या, आणि गॉर्डन हायलँडर्स असतील तर वर एक पिवळी रेघ. नखाएवढ्या जागेत खऱ्या कापडाचे सगळे धागे मावत नाहीत. काय गाळायचं ते ठरवावं लागतं. गझलेचा शेर लिहिताना मी हेच करतो, त्यामुळे हे काम मला परकं वाटलं नाही.

रंगवता रंगवता मी त्या कापडाचा इतिहास वाचू लागलो. १६ एप्रिल १७४६ रोजी स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या माळावर, राजगादीवर हक्क सांगणाऱ्या चार्ल्स स्टुअर्टची फौज सरकारी सैन्याकडून हरली. तासाभराच्या आत सगळं संपलं. दोन्ही बाजूंना स्कॉटिश माणसं होती. त्यानंतर संसदेनं कायदा करून स्कॉटलंडमधल्या पुरुषांना आणि मुलांना हायलँडचा पोशाख घालायला बंदी केली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं हद्दपारी. ही बंदी उठली १७८२ साली. पण तिला एक अपवाद होता. राजाच्या पलटणीत भरती झालेल्याला किल्ट घालता येत असे. आपल्या आजोबांचा पोशाख अंगावर घालायचा, तर ज्यांनी तो काढून घेतला त्यांचीच बंदूक खांद्यावर घ्यायची. दोन दिवस ब्रश बाजूला ठेवून मी याच गोष्टीचा विचार करत होतो.

कलोडनच्या बंडखोरांचे पुतळे रंगवायला जास्त वेळ लागतो. त्यांना गणवेश नव्हता. टोपीवरचा पांढरा तुरा सोडला तर प्रत्येकाचं कापड वेगळं. गणवेशातली पलटण मात्र ओळीनं रंगवता येते. पंचवीस कोट लाल, पंचवीस पट्टे पांढरे.

आणि या पलटणी आपल्याकडे आल्या होत्या. ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या तटाला शिड्या लावून चढले ते ७८व्या हायलँडर्सचे लोक. २३ सप्टेंबरला जालना जिल्ह्यात असईजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या जमिनीवर, आर्थर वेलस्लीची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी गाठ पडली. हाच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. उजव्या बाजूच्या तुकडीच्या अधिकाऱ्यानं हुकूम चुकीचा समजून घेतला आणि ती थेट असई गावाच्या रोखानं गेली. तिच्या मागोमाग ७४वी हायलँड पलटण तोफांच्या तोंडी सापडली. सुमारे पाचशे माणसांपैकी चारशेच्या वर मेली किंवा जखमी झाली. अधिकाऱ्यांमध्ये एकटा क्वार्टरमास्तर धड राहिला.

आमच्या खेळात साधारणपणे एक पुतळा म्हणजे वीस माणसं. त्या हिशेबानं ७४वी पलटण म्हणजे पंचवीस पुतळे. एका पुतळ्याला मला तीन तास लागतात. गेल्या थंडीत मी आणि भाच्यानं असई मांडली. फासे पडत गेले तसतसा मी एकेक शिपाई उचलून खोक्यात ठेवत गेलो. वीस उचलले तेव्हा खऱ्या लढाईचा हिशेब पुरा झाला. पाच उरले. पुस्तकात चारशे हा आकडा मी अनेकदा वाचला होता, पण तो हाताला असा कधी लागला नव्हता.

आता दुसरी बाजू. ७४व्या पलटणीला असईसाठी मानाचं तिसरं निशाण मिळालं. तिच्या वारस पलटणीच्या बिल्ल्यावर हत्ती आला आणि त्याच्या वर असईचं नाव. शिंद्यांच्या कवायती कंपूतल्या गोलंदाजांना काय मिळालं? ते तोफांपाशी उभे राहून मेले, असं त्यांच्या शत्रूंनीच लिहून ठेवलं आहे. काही जण प्रेतांत पडून राहिले आणि गोऱ्यांची रांग पुढे जाताच उठून तोफा तिच्या पाठीवर वळवल्या. कंपूत दूर हिंदुस्थानातले, अवधचे लोक होते, हिंदू होते, मुसलमान होते. समोर वेलस्लीकडेही जास्त भरणा मद्रासी शिपायांचाच होता. हायलँडर्सचे पुतळे हवे तितके मिळतात, गोलंदाजांचे शोधावे लागतात. सध्या माझ्या टेबलावर असे आठ गोलंदाज आहेत. त्यांनाही मी तीन-तीन तास देतो. पागोट्याचा रंग ठरवायलाच एक संध्याकाळ जाते.

रंगवताना मनात एकच प्रश्न असतो, जो आपण गाडीत शेजारी बसलेल्या माणसाला पहिल्यांदा विचारतो : गाव कोणतं? ७८वी पलटण १७९३ साली उभी राहिली, तेव्हा तिच्यात लुईस बेटावरचे पुष्कळ लोक होते. समुद्राकाठच्या गरीब गावांतली ही पोरं केळणेच्या पाण्यात उतरली, आणि गंगा-यमुनेच्या गावांतली पोरं तोफेपाशी त्यांची वाट पाहत होती. दोघांचंही त्या जमिनीवर घर नव्हतं. घर असईकरांचं होतं.

तेव्हा घरात मुलं खेळण्यातले शिपाई मांडून बसली असतील तर त्यांना रागावू नका. शेजारी बसा. एखादा शिपाई आडवा झाला की एवढंच विचारा, ‘बाळा, हा कुठल्या गावचा?’ मुलं उत्तर शोधतात. मी पाहिलं आहे. मग पुढचा शिपाई पाडताना त्यांचा हात थोडा थांबतो.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)