तळघरांतला पंप

वीज गेली तरी जनित्र आहे, एवढ्यावर निश्चिंत राहणें बरें नव्हे. २९ ऑक्टोबर २०१२ रोजीं सँडी वादळानें न्यूयॉर्कच्या मॅनहटन बेटाच्या दक्षिण भागांत समुद्र शिरला आणि वीज कित्येक दिवस गेली. तेथील एका इमारतींत फॉग क्रीक या छोट्या कंपनीचे सर्व्हर, म्हणजे ग्राहकांचें काम अहोरात्र चालविणारीं संगणकयंत्रें, होते. जनित्र उंचावर सुरक्षित होतें. परंतु त्यास डिझेल चढविणारा पंप तळघरांत बुडाला! तेव्हां कर्मचाऱ्यांनीं बादल्यांनीं १७ मजले डिझेल वाहून त्याची भूक भागविली. ती शर्थ धन्यच. पण शर्थीवर कारभार चालत नाहीं. टाकी नि पंप कोठें आहेत, पाणी तेथवर पोंचेल काय, हें आधींच पाहावें. समई कितीही उंच असो, तेल संपलें कीं विझणारच.