शिक्का आणि सही

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त सुरत येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. तो आढावा कार्यवाहांनी सकाळीच सविस्तर घेतला. निकाल, इमारत, देणगीदार, सारे त्यात आले. मला आज त्या आढाव्यात न बसणाऱ्या दोन कागदांविषयी बोलायचे आहे. दोन्ही आपल्या शाळेच्या दप्तरातले आहेत आणि दोन्हींशी माझा संबंध आहे.

शाळेच्या कचेरीत रोज दोन गोष्टी लागतात : शिक्का आणि सही. शिक्का रबराचा असतो. शाईच्या गादीवर दाबून कोणीही मारावा, प्रत्येक कागदावर तो सारखाच उमटतो. सही मात्र ज्याची त्यालाच करावी लागते आणि तिच्या वरच्या मजकुराची जबाबदारी पुढे आयुष्यभर घ्यावी लागते. माणसाचा निर्णय सहीसारखा असतो आणि दुसऱ्याविषयीचे आपले मत बहुधा शिक्क्यासारखे, हे मला कळायला बरीच वर्षे लागली. ते कसे कळले, तेवढेच आज सांगते.

आपल्यापैकी ज्यांची चाळिशी उलटली आहे त्यांना सप्टेंबर १९९४ आठवत असेल. गणेशविसर्जन होऊन दोन-तीनच दिवस झाले होते. पुराचे पाणी ओसरले होते, पण गल्लीबोळांत चिखल आणि कचरा तसाच पडून होता. वेडरोडच्या बाजूने बातमी आली, की एक-दोन दिवसांच्या तापाने माणसे दगावत आहेत. बघता बघता एकच शब्द सर्वांच्या तोंडी झाला : प्लेग. शाळा, महाविद्यालये, चित्रपटगृहे बंद झाली. औषधांच्या दुकानांत टेट्रासायक्लिन मिळेनासे झाले. तोंडाला रुमाल बांधलेली माणसे बोचकी घेऊन स्टेशनाकडे निघाली. उधन्यावरून नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. काही दिवसांतच लाखो माणसांनी शहर सोडले. पुढे अधिकृत आकडे आले, तेव्हा या साथीने दगावलेल्यांची देशभरातील संख्या साठाच्याही आत निघाली. पण त्या रात्री हे कोणाला ठाऊक होते? निर्णय त्या रात्रीच घ्यायचे असतात. आकडे नंतर येतात.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. शाळेत लागून दोन वर्षे झाली होती आणि मुलगा जेमतेम वर्षाचा होता. यजमान म्हणत, “तू ठरव.” मी म्हणे, “तुम्ही ठरवा.” सकाळच्या गाडीने निघू म्हणता म्हणता सकाळची गाडी गेली, रात्रीच्या गाडीने म्हणता म्हणता रात्रीची गेली. पिशवी मी तीनदा भरली आणि तीनदा रिकामी केली. बाळाचे कपडे काढून ठेवताना दर वेळी वाटे, आपण चुकतो आहोत. पुन्हा भरताना वाटे, आपण आत्ताच चुकतो आहोत. अशा घोळात चार दिवस गेले आणि आम्ही सुरतेतच राहिलो. नंतर महापालिकेची माणसे घरोघर गोळ्या वाटायला आली. आमच्या वस्तीत मराठी आणि अहिराणी बोलून समजावणारे कोणी तरी त्यांना हवे होते. बाळाला यजमानांपाशी ठेवून मी त्यांच्याबरोबर आठ दिवस हिंडले. खरे सांगायचे तर घरात बसून तेच तेच बोलण्यापेक्षा ते हिंडणे बरे वाटले.

शाळा पुन्हा भरली, तेव्हा मी ‘धीराची बाई’ झाले होते. १९९५ च्या प्रजासत्ताकदिनी मला प्रशस्तिपत्र मिळाले. बोलण्याच्या ओघात कोणी तरी सावित्रीबाई फुल्यांचे नाव घेतले. पुण्यातल्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांचे नाव माझ्या शेजारी उच्चारले जात असताना मी खाली मान घालून उभी होते. लोकांना तो विनय वाटला. ती लाज होती. सावित्रीबाईंनी ठरवले होते. मला ठरवता आले नव्हते.

परंतु लाज वाटलेले माणूस नेहमीच शहाणे होते असे नाही. आमचे एक सहकारी, गणिताचे सर, पहिल्याच रात्री कुटुंबासह गावी निघून गेले होते. शाळा भरल्यावर शिक्षकांच्या खोलीत त्यांचा विषय निघाला आणि मी म्हणाले, “आपले पळपुटे सर का?” सगळे हसले. दाराशी दोन विद्यार्थी उभे होते. आठवडाभरात ते नाव शाळाभर झाले. त्यानंतर आलेल्या कित्येक मुलांना तर ते त्यांचे आडनावच वाटे. आज या सभागृहात बसलेल्या पुष्कळांनी ते नाव घेतलेले आहे. माजी विद्यार्थी मित्रहो, ते नाव मुलांनी ठेवलेले नव्हते. ते मी ठेवले होते. ही गोष्ट मी आज प्रथमच उघडपणे सांगते आहे.

२०१४ साली मी मुख्याध्यापिका झाले. जुनी कपाटे लावताना ऑक्टोबर १९९४ च्या रजेच्या अर्जांचा गठ्ठा हाती आला. साथीच्या दिवसांत गावी गेलेल्यांचे ते अर्ज होते. कोणी ‘आजारपण’ लिहिले होते, कोणी ‘घरगुती कारण’, कोणी ‘नात्यातील विवाह’. आणि तेही पितृपंधरवड्यात! एका अर्जात मात्र दोनच वाक्ये होती : प्लेगच्या भीतीने कुटुंबासह गावी गेलो होतो. रजा बिनपगारी धरावी. खाली गणिताच्या सरांची ठळक, सरळ सही. त्याच कपाटात संस्थेच्या फाइलमध्ये माझ्या प्रशस्तिपत्राची प्रत होती. तिच्यावर गोल शिक्का होता आणि ‘अतुलनीय धैर्य’ असे छापलेले होते. हे दोन कागद मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बसून राहिले.

सर तोवर निवृत्त झाले होते. मी त्यांच्या घरी गेले. चहा झाल्यावर धीर करून म्हणाले, “सर, ते नाव मी ठेवलं होतं.”

ते म्हणाले, “मला माहीत होतं, बाई.”

“मग वीस वर्षं तुम्ही काहीच बोलला नाहीत?”

“काय बोलणार? भीती वाटली होती, हे खरंच होतं. दोन लहान मुली होत्या. पंधरा मिनिटांत ठरवलं आणि निघालो. तोच प्रसंग आला तर पुन्हा जाईन. वाईट एवढंच वाटलं, की जाण्याबद्दल सगळे बोलले. परत येण्याबद्दल कोणी बोललं नाही.”

त्यांचे म्हणणे खरे होते. गावाने त्यांना वेशीच्या आत घेतले नव्हते. ‘सुरतवाले’ म्हणून पंधरा दिवस शेतातल्या छपरात राहावे लागले. तेथून ते परतले, तेव्हा निम्मे लूम बंद होते. लिंबायतमध्ये घरोघर जाऊन त्यांनी मुलांना शाळेत परत आणले आणि दहावीचा बुडालेला भाग रविवारी येऊन पुरा केला. हे सारे मी डोळ्यांनी पाहिले होते. पण शिक्का एकदा मारला, की त्याच्याखालचा मजकूर वाचण्याची गरज वाटत नाही.

निघताना त्यांनी विचारले, “आणि बाई, तुम्ही का थांबला होतात?”

मी म्हणाले, “ठरवता आलं नाही म्हणून.”

ते खळखळून हसले. म्हणाले, “मग तसा अर्ज द्यायचा होता!”

मित्रहो, त्या संध्याकाळी घरी येताना माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. सरांना मी पळपुटे म्हटले, ते मी धीट होते म्हणून नव्हे. मीच आतून डळमळीत होते, म्हणून म्हटले. ते चुकीचे ठरले, की माझे थांबणे आपोआप बरोबर ठरणार होते. ज्याने आपल्या निर्णयाखाली मनापासून सही केलेली असते, त्याला दुसऱ्यावर शिक्का मारण्याची घाई नसते. सरांनी, थांबलेल्या आम्हा कोणाला कधी नावे ठेवली नाहीत.

गीतेचा आरंभ एका थोर योद्ध्याच्या द्विधा मनःस्थितीने होतो. पहिल्या अध्यायाचे नावच ‘अर्जुनविषादयोग’. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला श्रीकृष्ण अर्जुनाला एक कठोर शब्द लावतात. पण त्या शब्दाने अर्जुन उठत नाही. मी लढणार नाही, असे सांगून तो गप्प बसतो. त्यानंतर भगवंतांना अठराव्या अध्यायापर्यंत समजावून सांगावे लागते आणि सर्व सांगून झाल्यावरही अखेर ते म्हणतात, की विचार कर आणि तुला योग्य वाटेल ते कर. शिक्षक म्हणून मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. नाव ठेवल्याने गोंधळलेले माणूस निर्णयापर्यंत पोहोचत नाही. त्याच्याशी बोलावे लागते आणि शेवटी सही त्याच्यावरच सोडावी लागते.

पालकहो, हे सारे मी तुम्हांला सांगते त्याला आणखी एक कारण आहे. दरवर्षी जून महिन्यात माझ्या टेबलासमोर दाखला मागणारे आई-वडील उभे राहतात. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, दूरदर्शनवर हिंदी आणि नोकरीच्या जाहिरातीत इंग्रजी. अशा शहरात मुलाचे माध्यम ठरवणे सोपे नाही. एकेकाळी आपल्या शाळेत प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या भरत. आज एक भरते. त्यामुळे दाखल्यावर सही करताना, माझ्या मनातला शिक्का कित्येक वर्षे आपोआप उमटे : ‘मराठी सोडणारे’.

आणि माझा स्वतःचा मुलगा? तो या शाळेत शिकला नाही. यजमानांची नोकरी बदलीची होती. दोन वर्षे आम्ही मराठी की इंग्रजी, याचा काथ्याकूट केला आणि अखेर त्याला इंग्रजी माध्यमात घातले. कारणे त्या वेळी खरी होती. चूक तो निर्णय घेण्यात नव्हती, लपवण्यात होती. पालकांनी विचारले, की मी विषय बदलत असे आणि त्याच पालकांच्या दाखल्यावर मनातल्या मनात शिक्का मारत असे. आज मुलगा मला मराठीत निरोप पाठवतो, पण रोमन अक्षरांत. त्याची खंत मला आहे आणि ती मी बाळगलीच पाहिजे, कारण निर्णयाच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे त्याची किंमतही आपल्याच नावावर मांडणे. निर्णयाची लाज मात्र आता मी बाळगत नाही.

गेल्या वर्षी एक आई आली. नवरा लूमवर बारा तासांच्या पाळीत, ती घरी साड्यांवर खडे चिकटवण्याचे काम करते. मुलीला गुजराती शाळेत घालायचे होते. सही करण्यापूर्वी मी तिला खुर्ची दिली आणि “का?” एवढेच विचारले. ती म्हणाली, “खरं सांगू का बाई, माझंच ठरत नाही.” चार दिवस ती येत राहिली. आम्ही बोललो, मुलगीही बोलली. पाचव्या दिवशी तिने दाखला नेला. मुलगी गेली याचे मला वाईट वाटले, पण त्या बाईविषयी माझ्या मनात कोणताही शिक्का उमटला नाही. ती मुलगी शनिवारी आपल्या ग्रंथालयात पुस्तके बदलायला येते. कोणी बोलण्यानंतर राहतात, कोणी जातात. जाणाऱ्याला परत यावेसे वाटेल असे दार ठेवणे, एवढे शाळेच्या हाती असते.

ज्या शहराला १९९४ मध्ये देशाने ‘प्लेगचे शहर’ म्हटले, त्या शहराने तो शिक्का वाद घालून पुसला नाही. १९९५ साली एस. आर. राव आयुक्त म्हणून आले, रात्री रस्ते झाडले जाऊ लागले आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या बरोबरीने देशात पहिला क्रमांक मिळवला. पण सगळ्यांनाच शिक्का पुसायला तीस वर्षे मिळत नाहीत. गणिताचे सर तीन वर्षांपूर्वी आपल्याला सोडून गेले.

दोन वर्षांनी मीही निवृत्त होईन. आपल्या दाखल्यात शेवटचा रकाना ‘शेरा’ असा असतो. मी तो हल्ली कोराच ठेवते. आज मात्र जाहीरपणे एक शेरा दुरुस्त करते. गणिताच्या सरांना मी दिलेले नाव मी आपणां सर्वांच्या साक्षीने परत घेते. यापुढे त्यांची आठवण निघाली, तर त्यांना ‘रविवारी येऊन शिकवणारे सर’ म्हणा, एवढी माझी आपल्याला विनंती आहे. या शब्दांखाली माझी सही आहे.